मिरगाच्या पोटातला बाण

भंडारा जिल्ह्यात ‘मिरग’ हा शब्द तारखेसारखा वापरला जातो. सात-आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात येतो, तोवर धानाच्या बांध्या नांगरून झालेल्या असतात, आणि पऱ्हे कधी टाकायचे याचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो. मिरग कोरडा गेला की रोवणी लांबते आणि रोवणी लांबली की पुढचं सगळंच लांबतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गंमत अशी की ज्या नक्षत्राच्या नावाने एवढी धावपळ होते, ते त्या दिवसांत आभाळात दिसतच नाही. सूर्य त्याच्याच घरात मुक्कामाला असतो, त्यामुळे ते दिवसा उगवतं आणि दिवसाच मावळतं. ते पाहायचं तर मार्गशीर्ष-पौषात, धान कापून खळ्यावर आलेलं असताना, रात्र पडल्यावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहावं. चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार ठळक तारे, ते हरणाचे पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो पोटात रुतलेला बाण. ती ओळ खाली आग्नेयेकडे वाढवत नेली की आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा लागतो, तो व्याध. वरच्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी. पारधी, बाण, हरीण आणि हरिणी असे चौघेही जवळपास एका रेषेत उभे आहेत. शेतकरी ज्याच्याकडे पावसाची मागणी करतो ते हरीण जखमी आहे, आणि ती जखम का झाली याची कथा फार जुनी आहे.

ती ऐतरेय ब्राह्मणात सांगितली आहे. प्रजापतीला स्वतःच्या मुलीचा मोह झाला. ती मुलगी कुणाच्या मते द्यौ, कुणाच्या मते उषा. ती रोहित जातीची हरिणी झाली, तेव्हा तो ऋश्य जातीचं हरीण होऊन तिच्याजवळ गेला. देवांनी ते पाहिलं आणि म्हणाले, जे कुणी करत नाही ते हा करतो आहे. त्याला शासन करील असा एकही जण त्यांना आपल्यात सापडेना. मग त्यांनी आपापली सर्वांत भयंकर रूपं एकत्र केली, त्यातून एक नवा देव उभा केला आणि त्याला सांगितलं, याला वेध. त्या देवाने कामाआधी वर मागून घेतला, पशूंच्या आधिपत्याचा. बाण सुटला, विद्ध झालेलं हरीण वर उडालं आणि तिथेच राहिलं. ते मृग, मारणारा मृगव्याध, हरिणी ती रोहिणी आणि तीन कांड्यांचा बाण तो मधल्या तीन ताऱ्यांचा. शिवमहिम्न स्तोत्रातल्या एका श्लोकातही हाच प्रसंग आहे, म्हणजे ज्या घरांत महिम्न म्हटलं जातं तिथे ही कथा नकळत रोज उच्चारली जाते. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यांना या ताऱ्यांवरून वेदांचा काळ ठरवायचा होता. वसंतसंपात मृगात होता त्या काळाच्या खुणा ते शोधत होते आणि ती कथा त्यांच्या पुराव्यांपैकी एक होती. काळाचा तो वाद पंडितांनी लढवावा. माझा रस कथेच्या निकालात आहे. सृष्टी निर्माण करणाऱ्यालाच इथे बाण लागला आहे आणि तो कुणी काढलेला नाही.

आभाळाचा हाच तुकडा ग्रीकांनीही वाचला, पण उलटा वाचला. आपल्याला जिथे हरीण दिसतं तिथे त्यांना शिकारी दिसला, ओरायन. तो कृत्तिकांच्या म्हणजे प्लायडीज बहिणींच्या मागे लागलेला आहे. आणि आपली रोहिणी ज्या तारकासमूहात आहे तिथे त्यांनी बैल पाहिला. रोहिणी हा त्या बैलाचा लाल डोळा. आकाशातल्या या बैलाचा फक्त पुढचा भाग दाखवतात, कारण मागचा पाण्याखाली आहे असं समजायचं. तो समुद्र पोहून चालला आहे. त्याच्या पाठीवर युरोपा नावाची फिनिशियाची राजकन्या होती. मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी फुलं वेचताना तिला एक पांढराशुभ्र, गरीब दिसणारा बैल भेटला. तिने त्याला माळ घातली, पाठीवर बसली आणि बैल थेट पाण्यात शिरून क्रीट बेटाला जाऊन थांबला. बैल म्हणजे देवराज झ्यूस होता. एका ग्रीक परंपरेनुसार हा बैल आकाशात गेला तो तिला समुद्रापार सुखरूप नेल्याबद्दल. जी हरिणी आपल्या कथेत पळत होती, तिचाच तारा तिकडे पळवून नेणाऱ्याचा डोळा झाला आहे. इकडच्या प्राण्याच्या पोटात बाण आणि तिकडच्या प्राण्याला तारांगणात मानाची जागा. ग्रीसच्या दोन युरोच्या नाण्यावर आजही युरोपा बैलावर बसलेली दिसते, आणि एका अख्ख्या खंडाचं नावही तिच्या नावाशी जुळलेलं आहे.

झ्यूसच्या रूपांची यादी मोठी आहे. स्पार्टाच्या राणीसाठी, लीडासाठी, तो हंस झाला. गॅनिमीड नावाच्या मुलाला उचलताना गरुड झाला किंवा त्याने गरुड पाठवला. त्याचा भाऊ, समुद्रदेव पोसायडन घोडा झाला, कारण त्याला टाळण्यासाठी डिमीटर देवी घोडी होऊन कळपात लपली होती. या कथा वाचताना आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी रेंगाळतो. देवाने कोणतं रूप घेतलं, ते किती देखणं होतं, याच्याकडे आपलं लक्ष जातं. चित्रकारांनी तर शतकानुशतकं तेवढंच रंगवलं. मला वाटतं, विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कथा संपली तेव्हा कातडं कुणाच्या अंगावर राहिलं? झ्यूस बैलाचं कातडं उतरवून पुन्हा देव होतो, त्याच्यावर ओरखडाही उमटत नाही. पण त्याने जिचा पाठलाग केला त्या आयोला आपल्या पत्नीपासून, हेरापासून, लपवण्यासाठी त्याने गाय करून टाकलं, आणि ती गाईच्या रूपात गोमाशीचे डंख सोसत देशोदेशी धावत राहिली. रोमन कवी ऑव्हिडने त्यातला एक क्षण फार जवळून दाखवला आहे. बाप समोर आला आहे, गाय म्हणून तिला कुरवाळतो आहे, बोलायला जावं तर हंबरडा निघतो. मग ती खुराने धुळीत आपलं नाव काढते. ग्रीक लिपीत तिच्या नावाला दोनच अक्षरं लागतात. कॅलिस्टोची तीच गत. तिच्याजवळ झ्यूस आला तो तिची देवी आर्टेमिस हिचं रूप घेऊन, आणि अस्वल व्हावं लागलं ते कॅलिस्टोला. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते ग्रीकांचं मोठं अस्वल म्हणजे तीच.

म्हणजे वेषांतर दोन प्रकारचं आहे. एकात करणारा सुटतो आणि रूप सोसणाऱ्याच्या अंगाला चिकटतं. दुसऱ्यात करणारा स्वतःच त्या रूपात अडकतो. माझं म्हणणं असं की कथेची नीती देवाच्या मोहावर ठरत नाही, ती या हिशेबावर ठरते. आणि या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. बैलाचं कातडं घेण्यात देवाची सोय होती: पकडणारा बैल, पळवणारा बैल, आठवणीत राहणाराही बैल. कर्ता कातड्याआड राहतो आणि क्रिया प्राण्याच्या नावावर जमा होते. मृगाच्या कथेत देवांनी हीच पळवाट बंद केली. त्यांना हरीण दिसत होतं, पण त्यांनी आत कोण आहे ते ओळखलं आणि पारध्याला नाव घेऊन सांगितलं.

ग्रीक कथांच्या जगाला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा ऑव्हिडच्याच ग्रंथात, ‘मेटामॉर्फोसिस’च्या सहाव्या भागात आहे. लिडिया देशातली अराक्नी ही विणकरीण. तिच्या हाताची कीर्ती इतकी की खुद्द अथीना देवी पैज लावायला आली. देवीने आपल्या मागावर देवांचा दरबार विणला आणि कोपऱ्यांत माणसांच्या उद्धटपणाच्या शिक्षा. अराक्नीने देवांची लबाडी विणली: बैलाच्या पाठीवरची, किनाऱ्याकडे वळून पाहणारी युरोपा, हंसाच्या पंखाखालची लीडा, घोडा, सर्प, डॉल्फिन, एकामागून एक. तिने प्रत्येक कातड्याच्या आत कोण होतं ते सांगितलं. देवीला त्या कापडात एकही खोट सापडली नाही, म्हणून तिने ते फाडलं आणि धोटा अराक्नीच्या कपाळावर हाणला. अराक्नी फास लावून घेऊ लागली तेव्हा तिची कोळीण झाली. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या कोसा रेशमाच्या विणकरांना या कथेतलं एक मर्म इतरांपेक्षा लवकर कळेल. कापडात दोष काढता आला नाही तर गिऱ्हाईक भावात खोट काढतं. पण धोटा हे विणणाऱ्याचंच हत्यार, तेच तिच्या कपाळावर बसावं हा अपमान वेगळा. अराक्नीचा गुन्हा देवीची बरोबरी करण्याचा होता असं सांगितलं जातं. मला तो साक्ष देण्याचा वाटतो. आणि पुन्हा, कातडं साक्षीदाराच्या वाट्याला आलं.

यावर पहिला आक्षेप जुन्या आणि भारदस्त माणसांचा आहे. ते म्हणतात, या कथा अक्षरशः घ्यायच्याच नसतात. मीमांसक कुमारिल भट्टाने म्हटलं, प्रजापती म्हणजे सूर्य. तो उषेच्या मागोमाग उगवतो, एवढंच त्या कथेत आहे. अहल्येची रात्र आणि इंद्राचाही सूर्यच त्याने केला. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी ग्रीक कथांना तोच उपाय लावला. देवांचे पाठलाग म्हणजे पहाट, ढग आणि पाऊस. हे स्पष्टीकरण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मृगाची कथा ताऱ्यांच्या मांडणीवर बेतलेली आहे हे तर उघड आहे. पण रूपक कथेच्या जन्माचं कारण सांगतं, तिच्या निकालाचं सांगत नाही. सूर्य उषेमागे रोज येतो आणि रोज सुखरूप मावळतो. त्याला कुणी बाण मारत नाही. तीन तारे ओळीत आहेत म्हणून बाण सुचला असं म्हणावं, तर ग्रीकांनी त्याच तीन ताऱ्यांत शिकाऱ्याचा कमरपट्टा पाहिला. निसर्गाने दोघांना सारखंच साहित्य दिलं होतं. एकाने त्यातून कमरपट्टा केला, दुसऱ्याने शिक्षा केली. ही निवड सांगणाऱ्याची असते आणि तिचा जाब सांगणाऱ्यालाच विचारता येतो.

दुसरा आक्षेप असा की आपण आजच्या मापाने जुनं कापड मोजतो आहोत. या कथा मुळात वंशावळी होत्या. युरोपाचा मुलगा मिनोस क्रीटचा राजा झाला, लीडाची मुलगी हेलन, कॅलिस्टोचा मुलगा आर्कस हा आर्केडियाच्या लोकांचा मूळपुरुष. प्रत्येक नगराला आपल्या घराण्यात देव हवा होता आणि देव घरात यायचा तर कुणाच्या तरी मुलीच्या वाटेनेच येणार. शिवाय देवाचं खरं रूप माणसाला सोसवत नाही. सेमेलीने झ्यूसला खऱ्या रूपात ये म्हटलं आणि ती जळून गेली, म्हणून प्राण्याचं रूप ही दया आहे. यातला वंशावळीचा भाग पटतो. त्यावरून एवढंच कळतं की कथा सोयीची होती, ती कुणाच्या जिवावर सोयीची झाली ते तिथे पुसलेलं असतं. दयेचा भाग मात्र मान्य करता येत नाही. ज्याच्या तेजाने समोरचं माणूस जळतं त्याने दूर राहावं, ही दया. जवळ जाण्यासाठी तेज झाकलं तर त्याला बेत म्हणतात. आणि देवाला माणसाजवळ यायचंच असेल तर तिसरीही वाट असते. ती वाट विदर्भाच्याच एका कथेत आहे.

दमयंती विदर्भाची. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी तिची कथा युधिष्ठिराला सांगतात, आणि रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे तिच्यातला हंस मराठी घराघरांत पोचला. तो हंस लीडाच्या हंसाशेजारी ठेवून पाहावा. नळ त्याला पकडतो, तो सुटकेच्या बदल्यात दमयंतीकडे जाऊन नळाची गोष्ट काढतो, आणि तिने काय करायचं ते तिच्यावर सोडून उडून जातो. त्याच्या पिसांखाली कुणी लपलेलं नाही. पुढे इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार लोकपाल स्वयंवराला निघतात. ते आधी सरळ निरोप धाडतात, तोही नळाच्याच हाती, आणि दमयंती सरळ नाही म्हणते. इथवर सगळं सभ्य चाललं आहे. मग ते नळाचं रूप घेऊन मंडपात बसतात. माळ हातात घेतलेल्या मुलीसमोर पाच नळ. ती पळत नाही, पशूही होत नाही. ती आपल्या खरेपणाची शपथ घालते आणि देवांना म्हणते, आपापली खूण दाखवा. आणि देव दाखवतात. चौघांच्या अंगावर घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची माळ सुकली आहे, त्याची सावली पडली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, डोळे मिटतात-उघडतात. ती त्या घामाच्या आणि धुळीच्या माणसाला माळ घालते. देव चिडत नाहीत, वर देऊन निघून जातात. फसवणूक इथेही झाली. पण एका मर्त्य मुलीने विचारलं आणि देवांना रूप टाकावं लागलं. आयोला धुळीत नाव लिहूनही जे मिळालं नाही, ते दमयंतीला एका प्रश्नावर मिळालं.

एवढ्यावरून कुणी ‘बघा, आमचे देव तुमच्या देवांपेक्षा बरे’ असा डंका पिटू लागला तर त्याला अहल्येची आठवण करून द्यावी लागेल. इंद्र गौतमाचं रूप घेऊन आला. कथासरित्सागरात गौतम परतल्यावर तो मांजर होतो. आत कोण आहे असं गौतमाने विचारल्यावर अहल्या प्राकृतात ‘मज्जाओ’ असं उत्तर देते, आणि त्या एका शब्दाचे ‘मांजर’ आणि ‘माझा जार’ असे दोन्ही अर्थ होतात. शब्दाने कातडं फाडलं, खरं बाहेर आलं. तरी शिळा झाली ती अहल्याच. वाल्मीकींनी इंद्राला मोकळं सोडलेलं नाही. तिथे शापाने त्याचं पुरुषत्व गळून पडतं आणि मेंढ्याचे अवयव जोडून घ्यावे लागतात, म्हणजे प्राण्याचा अंश देवाच्या अंगाला कायमचा लागतो. पण शिक्षा वाटून देण्यात अहल्येवर झालेला अन्याय त्याने फिटत नाही. वृंदेच्या कथेत विष्णूने तिच्या नवऱ्याचं, जालंधराचं, रूप घेतलं. तिच्या शापाने विष्णूचा शाळिग्राम झाला असं एक पुराणपरंपरा सांगते, आणि कार्तिकात आपण अंगणात तुळशीचं लग्न लावतो तेव्हा त्या जुन्या हिशेबावर फुलं टाकून मोकळे होतो. उलट बाजूला ग्रीकही गप्प बसलेले नव्हते. झेनोफेनीस या तत्त्वज्ञाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातच सुनावलं की होमर आणि हेसिअड यांनी माणसांत लाजिरवाणं ठरेल ते सगळं देवांच्या माथी मारलं, चोरी, व्यभिचार आणि एकमेकांची फसवणूक. बैलांना हात असते तर त्यांनी बैलासारखे देव काढले असते, हेही त्याचंच. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीतून असल्या कथा हद्दपार केल्या. देव रूप बदलत नाही आणि फसवत नाही, असं त्याने ठाम लिहिलं. तेव्हा रेघ दोन देशांच्या मधून जात नाही. ती प्रत्येक परंपरेच्या आतून जाते, आणि प्रत्येक परंपरेत काही कथा रेघेच्या या बाजूला आहेत, काही त्या.

रेघेच्या या बाजूची सर्वांत सुंदर कथा भंडारा जिल्ह्यातच दगडात कोरलेली सापडली आहे. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, तेव्हा टेकड्यांखालून बौद्ध स्तूपांचे अवशेष, कठड्यांचे स्तंभ आणि ब्राह्मी लेख निघाले. त्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे. बोधी मिळाल्यानंतर बुद्ध ध्यानात बसले असताना अवकाळी वादळ आलं, सात दिवस पाऊस आणि गार वारा. मुचलिंद नागाने आपल्या वेटोळ्यांनी त्यांना सात वेढे दिले आणि डोक्यावर फणा धरला. आभाळ निवळल्यावर त्याने वेटोळी सोडवली, स्वतःचं रूप टाकलं, तरुण माणसाचं रूप घेतलं आणि हात जोडून समोर उभा राहिला. इथे दिशाच उलटी आहे. प्राणी माणूस होतो, आणि होतो तो काम झाल्यावर, नमस्कारासाठी. पावसात त्याची मदत झाली ती नाग म्हणूनच. फणा आणि वेटोळी खरी होती. रूप बदलण्याआधीच जे द्यायचं ते त्याने देऊन टाकलं होतं. युरोपाचा बैल गरीब दिसत होता, मुचलिंद भयंकर दिसत होता, आणि दोघांपैकी विश्वास ठेवण्यासारखा कोण होता हे कातड्यावरून ठरवता आलं नसतं.

शेवटचा आक्षेप प्राण्यांच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्राण्याचं रूप म्हणजे खालचं रूप, हे गृहीत कुणी धरायचं? विदर्भात रानाच्या कडेला वाघोबाचा शेंदरी दगड असतो. तिथे कुणी देव वाघाचं सोंग घेऊन आलेला नाही. वाघ वाघ म्हणूनच देव आहे, त्याचं भय आणि त्याचा मान दोन्ही उघड आहेत. मग झ्यूस बैल झाला यात कमीपणा तो काय? बरोबर आहे, बैल होण्यात कमीपणा नाहीच. कमीपणा बैलाच्या नावावर आपलं काम खपवण्यात आहे. कुणी म्हणेल, रानातही बळजबरी असते. ती काही बदकांत असते हे प्राणिशास्त्र सांगतं, आणि रूप चोरणारे जीवही असतात. असतात. पण त्यांना ‘हे कुणी करत नाही’ असं वाक्य माहीत नाही. कोका अभयारण्यातल्या चितळाला विणीच्या दिवसांत जे करायचं ते तो चितळ म्हणून करतो. दुसरं रूप निवडण्याची, तशीच थांबण्याचीही सोय त्याला दिलेली नाही. जाब विचारायचा तर ज्याला निवड होती त्याला विचारता येतो. प्रजापतीला ती होती. ऐतरेय ब्राह्मणातल्या देवांनी हरणाला दोष दिला नाही, हे त्या कथेतलं सर्वांत प्रौढ वाक्य आहे, जरी ते शब्दांत लिहिलेलं नसलं तरी.

मराठीने मात्र इतक्या प्रौढपणाने वागायचं सोडून दिलेलं दिसतं. बाईवर अत्याचार झाला की बातमीत ‘पाशवी अत्याचार’ येतो. करणारे ‘लांडगे’ असतात, ‘जनावरं’ असतात, ‘वासनेने पिसाळलेली श्वापदं’ असतात. लिहिणाऱ्याला संताप व्यक्त करायचा असतो हे मान्य. पण या शब्दांनी जे होतं ते तंतोतंत झ्यूसचं काम आहे. माणसाने केलेलं कृत्य प्राण्याच्या अंगावर घातलं जातं आणि माणूस कातड्याआड सुरक्षित राहतो. ‘तो माणूस नव्हताच’ असं म्हटलं की माणसांना आपल्यात शोधायचं काही उरत नाही. शेजारी, नातलग, ओळखीचा, साहेब हे सगळे आपोआप यादीतून बाहेर पडतात, कारण जनावर तर रानातून येतं. आणि जिने सोसलं तिच्या वाट्याला उरलेलं कातडं येतं, कुजबुज, बदललेलं गाव, बदललेलं नाव. आयोची धाव अजून संपलेली नाही.

मृगाला वेधणाऱ्या त्या देवाने पशूंचं आधिपत्य मागून घेतलं होतं, आणि त्या वरामुळेच पशूंचं नाव त्याच्या नावाला जोडलं गेलं. पुढच्या काळात तोच रुद्र, तोच पशुपती, तोच तुमसर तालुक्यातल्या गायमुखला महाशिवरात्रीच्या यात्रेत लोक ज्याला बेल वाहतात तो महादेव. पशूचं कातडं घातलेल्यावर ज्याने बाण सोडला त्याच्याकडेच पशूंची राखण आली, यात मला एक साधा न्याय दिसतो: प्राण्यांवरचा आळ ज्याने दूर केला तोच त्यांचा धनी. पुढच्या मिरगाला बांधीवर उभं राहून पावसाची वाट पाहताना हा न्याय आठवावा. आणि वर्तमानपत्रात ‘पाशवी’ हा शब्द दिसला तर तो मनातल्या मनात खोडून त्या जागी ‘माणसाने केलेला’ असं वाचावं.